काकवी नावाची बियर आणि आमचा एक नंबर गूळ

बसूअण्णांचा फोन आला तेव्हा मी गुऱ्हाळाच्या पडवीत बसून गुळाच्या ढेपांना लावायच्या चिठ्ठ्या लिहीत होते. पिवळ्याधमक ढेपेला 'एक नंबर', जरा मळकट दिसली की 'दोन नंबर'. आमचं गुऱ्हाळ कोल्हापूरपासून पंधरा किलोमीटरवर आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गूळ करतो आणि मी तो विकते.

"ताई, पुढच्या महिन्यापासून गूळ पाठवू नका," बसूअण्णा म्हणाले. "काकवी बंद होणार."

ज्यांच्या गावात ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या अगोदर जो दाट पाक होतो, ती काकवी. पण बसूअण्णांची काकवी म्हणजे बियर. बेंगळूरूत स्वतःची बियर स्वतः गाळणाऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, तेव्हापासूनची एक ब्रूअरी व्हाइटफील्डला आहे. बसूअण्णा मूळचे निपाणीचे. तिथे टाक्या धुवायला लागले आणि आज बियर गाळणारे मुख्य कारागीर आहेत. त्यांनी स्वतःच्या डोक्याने केलेली पहिली बियर ही काकवी, आणि तिच्यात पडतो आमचा गूळ. नऊ वर्षं आमच्या ढेपा ट्रान्सपोर्टने तिकडे जातायत. दर दिवाळीला अण्णांचा फोन येतो, "एकदा येऊन पिऊन तर जावा की ओ ताई, तुमच्याच गुळाची आहे!" आणि दर दिवाळीला मी म्हणते, येते.

"बंद म्हणजे कधी?" मी विचारलं.

"सोमवारी टाकी रिकामी करायची. तिच्यात पेरू-मिरची येणार. काकवी कुणी घेईना झालंय बघा. मालक तरी किती दिवस थांबणार?"

तो बुधवार होता. मी चिठ्ठ्या तिथेच ठेवल्या आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, शुक्रवारी रजा टाका. बेंगळूरूला जायचंय, बियर प्यायला."

सुनील दारूच्या थेंबाला शिवत नाही. तो म्हणाला, "म्हणजे गाडी मी चालवायची." लग्नाला बावीस वर्षं झाली की माणसं अशी शहाणी होतात.

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो. अंतर सहाशे किलोमीटरच्या थोडं वर, रस्ता जवळजवळ सगळा चौपदरी, सहापदरी. टोलनाके इतके आहेत की मी मोजणं हुबळीच्या अलीकडेच सोडलं, तेव्हा फास्टॅगमध्ये भरपूर पैसे ठेवा. जानेवारीतली थंडी, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने गुरगुरत चाललेल्या. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, त्यामुळे उजाडेपर्यंत बेताने चालवा. आमच्या डिकीत एकच खास सामान होतं: बसवनगुडीच्या शैलाअक्काकडे न्यायची गुळाची छोटी ढेप. शैलाअक्का माझी मावसबहीण. तिच्या सासरचे चार-पाच पिढ्यांपासून बेंगळूरूत आहेत, आणि माहेरचा गूळ नेला नाही तर ती दारात उभं करत नाही.

बेळगावात थांबून खव्याचा कुंदा घेतला, अर्धा किलो. धारवाड येईपर्यंत तो पाव किलो उरला होता. हुबळीच्या पुढे जमीन सपाट आणि काळी होते, आभाळ एकदम मोठं होतं. मी खिडकी उघडून बडबडत सुटले होते. नऊ वर्षं ज्या वस्तूचा अर्धा जीव आमच्या काहिलीतून जातो, ती मी उद्या पिणार होते! काहील म्हणजे रस आटवायची ती भली मोठी कढई. चार माणसं आत मांडी घालून बसतील एवढी. मी सुनीलला तीन वेळा विचारलं, "कशी लागत असेल हो?" तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "कडू." त्याला सगळ्या बियर कडूच.

जेवायला दावणगिरीला बेण्णे डोसा खा, यावर चर्चा नको. लोण्यात भिजलेला, कडेला कुरकुरीत, आत लुसलुशीत, बरोबर पांढरी चटणी आणि बटाट्याची कोरडी भाजी. ऐंशी रुपयांना एक. आम्ही पाच खाल्ले. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या पाहता पाहता मला झोप लागली, तुमकूरला जागी झाले, आणि नेलमंगलाच्या पुढे बेंगळूरूच्या ट्रॅफिकने आमचं यथासांग स्वागत केलं. शेवटचे तीस किलोमीटर दोन तास. शक्य असेल तर शुक्रवारी संध्याकाळी या शहरात शिरू नका.

शैलाअक्का फाटकातच उभी होती. "स्वल्प लवकर निघायचं नाही का गं? बिसिबेळे भात गार होऊन दगड झाला!" तिचं मराठी माझ्या कानाला आधी कानडी वाटतं, मग आजीचं वाटतं. आत गेल्या गेल्या तिने ढेपेचं कापड सोडलं, नाक लावलं आणि डोळे मिटले. आम्ही घरासाठी जो गूळ ठेवतो तो काळपट असतो, चॉकलेटी म्हणा हवं तर. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. "हा खरा बेल्ला," ती म्हणाली. "इथं कोपऱ्यावरच्या शेट्टीकडं सोन्यासारखा पिवळा मिळतो, पण त्याला वासच नाही. नुसता देखणा."

मी हसले आणि विषय बदलला. असे पिवळे देखणे गूळ आम्हीही करतो, हे तिला कशाला सांगायचं?

शनिवारी सकाळी बसवनगुडीत फिरलो. जुनी झाडं, फुलांचे ढीग, भल्या मोठ्या नंदीच्या देवळापुढे शेंगदाण्यांच्या गाड्या. उभ्याने इडली-वडा आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी. बेंगळूरूतल्या सकाळच्या कॉफीसाठी मी राहतं गाव बदलू शकते, पण ऊस सोडून जाता येत नाही.

व्हाइटफील्डला गाडी नेऊ नका. मेट्रोने जा, तिकीट शंभराच्या आत. मॅजेस्टिकला हिरव्या लाइनवरून जांभळ्या लाइनवर बदल करायचा, मग निवांत तासभर बसा. निघताना शैलाअक्काने कागदात बांधलेली पुडी माझ्या पर्समध्ये कोंबली. भाजलेले शेंगदाणे आणि कालच्या ढेपेचा एक खडा.

"अक्का, आम्ही जेवायलाच चाललोय."

"असू दे. वाटेत भूक लागली तर? सरी, निघा आता."

ब्रूअरीचं नाव लिहिणार नाही. बसूअण्णांनी तशी विनंती केली आणि पुढे वाचलंत की कारण कळेल. व्हाइटफील्डच्या काचेच्या ऑफिसांमध्ये एक जुनं, बुटकं, लाल फरशीचं बांधकाम, बाहेर वडाएवढं रेनट्री. दारातच फळा, त्यावर खडूने सात बियरची नावं. सातवं नाव 'काकवी', आणि त्याच्यापुढे लहान अक्षरात 'शेवटचे दोन दिवस'. 

बसूअण्णा धावतच आले. फोनवर आवाज इतका भारदस्त की मी नेहमी उंचापुरा माणूस धरून चालले होते. प्रत्यक्षात माझ्या खांद्याला लागतील एवढे, गमबूट घातलेले, कानामागे पेन्सिल. "आला का ओ ताई! भावजी पण आलेत! या, या, आधी आतलं बघा."

आतलं बघून मी लहान पोरासारखी ओरडलेच. "अहो अण्णा, हे तर गुऱ्हाळ आहे!"

खरंच आहे हो. भरडलेलं जव गरम पाण्यात भिजवायचं, त्याचा गोड रस काढायचा, तो उकळायचा, वर येणारी मळी काढायची. आमच्याकडे चुलवाणात चिपाडं जळतात, इथे गॅस. आमच्याकडे गुळव्या, म्हणजे काहिलीवरचा मुख्य माणूस, पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून बघतो. इथे बसूअण्णा काचेच्या नळीतला आकडा बघतात. पण आकडा बघितल्यावर नाकही लावतात, तेव्हा ते थेट आमच्या गुळव्यासारखे दिसतात. उकळी संपत आली की शेवटची दहा मिनिटं त्यात गूळ जातो. मग थंड करून, यीस्ट घालून, टाकीत तीन आठवडे. मी प्रत्येक टाकीला हात लावून बघितला. एका भिंतीला आमची पोतीही उभी होती. माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या, 'एक नंबर'. एवढ्या लांब आपलं अक्षर बघून इतका आनंद होतो, हे मला माहीत नव्हतं. मी चिठ्ठीबरोबर फोटो काढून घेतला.

"आता द्या!" मी म्हणाले. "आता नाही थांबू शकत."

आम्ही बाहेर झाडाखाली बसलो. सुनीलला लिंबू सोडा. शेजारच्या टेबलावर चार पोरं-पोरी, बोलण्यावरून पुण्याची. त्यांतल्या एकीने फळ्याकडे बोट दाखवलं.

"ए, काकवी! किती क्यूट नाव आहे. ट्राय करू या ना?"

"नको गं," तिच्या शेजारचा म्हणाला. "लास्ट टाइम घेतली होती. काडेपेटी ओढल्यासारखा वास येतो. पेरूवाली आली की बघू."

माझं डोकंच फिरलं. खुर्ची मागे सरकवून मी उठणार, तेवढ्यात सुनीलने माझा हात धरला. "आधी स्वतः पी," तो हळू आवाजात म्हणाला. "मग भांड."

तेवढ्यात बसूअण्णा स्वतः ग्लास घेऊन आले. लालसर काळा रंग, वर दोन बोटं फेस. मी ग्लास उचलला, नाकाशी नेला. गुळाच्या घरातली आहे मी. माझ्या नाकावर दादा डोळे झाकून विश्वास ठेवतो.

काडेपेटी.

भाजलेल्या जवाचा छान खमंग वास होता, कॉफीसारखं काहीतरी होतं, आणि त्या सगळ्याच्या मागून नुकत्याच ओढलेल्या काडीचा तो बारीक, बोचरा वास. प्यायले. सुरुवात चांगली, मग मध्ये सगळं पोकळ, आणि शेवटी जळकट. जिथे गूळ लागायला हवा होता तिथे काहीच नव्हतं.

"कशी वाटली?" बसूअण्णा उभेच होते, हात टॉवेलला पुसत.

"छान आहे," मी म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही. माझा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली.

"नाही ओ ताई. छान नाही. मला ठाऊक आहे." ते खुर्ची ओढून बसले. "पयल्यांदा अशी नव्हती. लोक हिच्यासाठी लांबून यायचे, बघा. मग चार वर्षांपासून कुठं तरी माझा हात बिघडला. यीस्ट बदलून बघितलं, दोनदा. पाणी तपासलं. रंग उतरला म्हणून जव जास्त भाजून घातलं, तर जळकट लागाया लागली. वय झालं म्हणा. नाकाला पयल्यासारखं कळंना झालंय."

मग एकदम काहीतरी आठवून ते उठले. "थांबा. तुम्ही एवढ्या लांबनं आलाय. ह्ये पिऊन जाऊ नका. खरी काकवी दाखवतो."

शीतगृहातून त्यांनी धुळीची एक बाटली आणली. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बूच बसवून ठेवलेल्या चार बाटल्यांपैकी ही तिसरी. पहिली मुलीच्या लग्नात उघडली, दुसरी मालक दवाखान्यातून घरी आले तेव्हा. तिसरी माझ्यासाठी. मी नको नको म्हणत होते, पण बूच उडालंसुद्धा.

वाचकहो, इथे माझे शब्द कमी पडणार आहेत. ग्लास नाकाशी न्यायच्या आधीच वास आला. संध्याकाळी काहील उतरवून गूळ वाफ्यात, म्हणजे निववायच्या हौदात, ओततात ना, त्या वेळी गुऱ्हाळाच्या दारात उभं राहिलं की येतो, तो. गरम, दाट, थोडा करपल्याच्या सीमेवरचा. तोंडात आधी खजूर, मग भाजलेल्या भाकरीची कड, मग बारीकसा आंबटपणा, आणि सगळं संपल्यावर घशात मागे राहिलेला गूळ. गोड नाही हं! गोडवा यीस्टने खाऊन टाकलेला असतो. गुळाची फक्त आठवण राहिलेली. मी टेबलावर हात आपटला. "अण्णा! अण्णा, हे काय केलंय तुम्ही!" पुण्याची पोरं वळून बघायला लागली. मी त्यांच्या टेबलावर जाऊन चौघांना चमचा चमचा पाजली. काडेपेटीवाला मुलगा म्हणाला, "काकू, ही कुठली? ही फळ्यावर आहे?"

"हीच आहे," मी म्हणाले. "काकवी."

हे बोलले आणि मला कळलं.

म्हणजे कळलं होतं मघाशीच, पहिल्याच वासाला. पण तोवर मी ते स्वतःला सांगितलं नव्हतं. जागेवर येऊन बसले. सुनील माझ्याकडेच बघत होता. "वास ओळखलास ना?" तो म्हणाला.

ओळखला. तो हायड्रॉसचा होता, गंधकाच्या एका रसायनाचा. आमच्या धंद्यात त्याला नुसतं पावडर म्हणतात. उकळत्या रसात चिमूट-चिमूट टाकली की काळपट रस पिवळाधमक होतो, आणि बाजारात पिवळ्या गुळाला उठाव आहे. पूर्वी दादा फक्त रानभेंडीचा चिकट रस घालून मळी काढायचा आणि गूळ होईल त्या रंगाचा होऊ द्यायचा. चार वर्षांपूर्वी विक्री माझ्या हातात आली तेव्हा मीच त्याला म्हणाले, "दादा, काळ्याला कोण विचारत नाही. पिवळा कर." आणि बेंगळूरूसाठी मी स्वतः निवडून, सगळ्यांत पिवळ्या, सगळ्यांत चकचकीत ढेपा बाजूला काढायला लागले. दूरचं गिऱ्हाईक, मानाचं गिऱ्हाईक, त्याला आपला उत्तम माल जायला हवा! घरी खायला मात्र पावडर न घातलेला काळाच ठेवत होतो. चार वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की जो स्वतः खातो तोच पाठवावा.

आणि हा माणूस चार वर्षं आपल्या हाताला आणि नाकाला दोष देत बसला होता.

बोलावं की नाही? खरं सांगते, मिनिटभर मी हिशेब केला. सोमवारी काकवी बंद होणारच होती. नाही बोलले तर कुणालाच कळणार नव्हतं. मी त्यांची लाडकी ताई राहिले असते आणि ते मात्र आपलं नाक गेलं असं समजून उरलेली वर्षं पेरू-मिरची गाळत बसले असते. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

पर्समधून पुडी काढली. शेंगदाणे बाजूला सारले, खडा त्यांच्यापुढे धरला.

"अण्णा, वास घ्या."

त्यांनी घेतला. मग तुकडा मोडून तोंडात टाकला.  उठले, आत गेले, आणि आमच्या पोत्यातली एक नंबर ढेप फोडून तिचा तुकडा घेऊन आले. दोन्ही तुकडे तळहातावर शेजारी ठेवले. एक काळा, एक पिवळा. एकदा हा हुंगला, एकदा तो.

"ह्यो कुठला?" त्यांनी काळ्याकडे बोट केलं.

"आमचा. घरचा. पहिली पाच वर्षं हाच येत होता तुमच्याकडे. मग मी बदलला. मीच, दादाने नाही. पिवळा दिसायला चांगला म्हणून. पावडरचा वास आहे तो, अण्णा. तुमचा हात नाही बिघडला. नाकही नाही."

रागावतील असं वाटलं होतं. रागवायलाच हवं होतं. ते तळहाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही एवढा सोन्यासारखा गूळ पाठवाया लागला. मी म्हणलं, त्यांनी एवढा चांगला माल दिलाय, चुकत असंल तर माझंच चुकत असंल." आणि टॉवेलने तोंड पुसलं. डोळेही त्यातच पुसले. माझेही वाहत होते, सुनीलने सोड्याखालचा कागद माझ्याकडे सरकवला.

"विचारायचं नाही का मला?" मी म्हणाले, उगाचच, चिडून. स्वतःवर चिडले की मी समोरच्यावर ओरडते, घरचे ओळखून आहेत.

"गुळाच्या घरच्या माणसाला गुळाचं काय विचारायचं, ताई?"

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात. बसूअण्णा तो तळहात तसाच धरून वर मालकांच्या ऑफिसात गेले. मालक सत्तरीचे आहेत, अर्ध्या तासाने स्वतः खाली आले आणि बाटलीत उरलेले दोन घोट प्यायले. मोठी टाकी सोमवारी पेरू-मिरचीला जाणार, ते ठरलेलं होतं आणि बदलणार नव्हतं. पण प्रयोगासाठी ठेवलेली एक छोटी टाकी आहे, ती त्यांनी दिली. एकच घाणा. जमला तर फळ्यावरची सातवी जागा परत, नाही तर काकवी कायमची बंद. बसूअण्णा नुसती मान हलवत होते. निघताना मी टेबलावरच्या पुडीत बघितलं, उरलेला खडाही संपला होता. आमचे अण्णा सगळा खाऊन बसले होते.

जेवण तिथेच केलं. नाचणीचे वडे घ्या, मासे साधारण आहेत. तीनशे मिलीचा ग्लास करासकट चारशेच्या घरात जातो, कोल्हापूरकरांना तो झेपायला वेळ लागेल. परतीच्या मेट्रोत मी शेंगदाणे खाल्ले आणि एक शब्दही बोलले नाही. सुनीलने याचा फार आनंद घेतला.

रविवारी पहाटे निघून संध्याकाळी गुऱ्हाळावर पोहोचलो, घरी न जाता थेट. दादा काहिलीपाशी उभा होता, वाफेत अर्धा दिसेनासा. मी त्याला सगळं सांगितलं, काहीही न वगळता. तो ऐकत होता आणि ढवळणाऱ्याकडे लक्ष ठेवून होता.

"त्याला पहिल्यापासून घरचाच जात होता की," शेवटी तो म्हणाला.

"मग मी बदलायला सांगितला तेव्हा बोलला का नाहीस?"

"तू बी.कॉम. झालेली. म्हणलं, तुला जास्त कळत असेल."

दोन पुरुष, सहाशे किलोमीटर अंतरावर, दोघांनी माझ्या शहाणपणावर विश्वास ठेवला होता. मी तिथेच चिपाडांच्या ढिगावर बसले.

दुसऱ्या दिवशी दादाने एक काहील वेगळी लावली. रानभेंडी पोरांनी ओढ्याकाठून आणली, पावडरचा डबा मी माझ्या हाताने माळ्यावर टाकला. रंग यायचा तो आला, गडद, ओबडधोबड, बाजारात ज्याला तोंड वाकडं करतील असा. ढेपा पोत्यात भरल्यावर दादाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे केला. "कुठली लावू? एक का दोन?"

मी कोरी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, 'घरचा'.

त्यालाही आता पाच आठवडे झाले. आमच्या निम्म्या काहिली अजून पिवळ्याच निघतात, खोटं कशाला बोलू. बाजार एका बियरने बदलत नाही, आणि दादालाही घरची पोटं भरायची आहेत. पण निम्म्या बिनपावडरच्या निघतात, हे पूर्वी नव्हतं. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक शोधणं हे माझं काम, आणि ते मी करतेय. चिठ्ठ्या लिहिताना आता प्रत्येक ढेपेला आधी नाक लावते, मग नंबर टाकते. बेंगळूरूहून एवढं घेऊन आले.

आणि परवा बसूअण्णांनी फोटो पाठवला. फळा, खडू, सातवी ओळ: काकवी. 'शेवटचे दोन दिवस' पुसलेलं, त्याचा पांढरट फराटा तेवढा दिसतो. फोटोखाली त्यांनी एकच वाक्य लिहिलंय, "ताई, नाक ठीक आहे." मालकांनी गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली आहे. तोवर ग्लास संपत राहिले तर ती फळ्यावर राहील.

तेव्हा व्हाइटफील्डला गेलात, रेनट्रीखाली लाल फरशीची जागा दिसली आणि फळ्यावर हे नाव असलं, तर मागवा. आल्या आल्या पिऊ नका, दहा मिनिटं ग्लास तसाच राहू द्या, गारवा कमी झाल्यावर गूळ वर येतो. बसूअण्णा गमबूट घालून बाहेर येतील आणि कशी वाटली म्हणून विचारतील. आवडली तर त्यांना सांगा, मोठ्याने सांगा. आणि चुकून काडेपेटीचा वास आलाच, तर त्यांना काही बोलू नका. खाली कमेंटमध्ये मला लिहा.